मीठ पिकविणारा उपरा कसा?

(शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मिठागर म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. वर ऊन, खाली खारे पाणी, आणि पायांना पडलेल्या भेगांत झोंबणारे मीठ. म्हणून फ्रान्स देशाची गोष्ट मी तुम्हांला राजवाड्यापासून नव्हे, मिठागरापासून सांगतो.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एग-मोर्त नावाचे गाव आहे. तिथे मोठी मिठागरे आहेत. १८९३ सालच्या ऑगस्टमध्ये तिथे मीठ ओढायला फ्रेंच मजूर होते, तसे इटलीहून आलेलेही होते. मजुरी उक्ती, जितके मीठ ओढाल तितके पैसे. इटालियन झपाट्याने काम करीत, फ्रेंच मागे पडत. त्यातून तंटा झाला. तंट्यातून अफवा उठली की इटालियनांनी आमची माणसे मारली. मग काठ्या, दगड आणि बंदुका घेऊन जमाव निघाला. १७ ऑगस्टला निदान आठ इटालियन मजूर ठार झाले. खटला चालला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले.

आता नीट ध्यानात घ्या. मारणारे गोरे आणि मरणारेही गोरे. दोघांचा धर्म एक. मग वैर कसले? भांडण होते मजुरीच्या पद्धतीचे. ती पद्धत ठरविणाऱ्या कंपनीला कोणी बोट लावले नाही. शेजारी राबणाऱ्याला ‘परका’ म्हटले की झाले!

त्या इटालियनांची पतवंडे आज फ्रेंच आहेत. कोणी त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ म्हणून विचारीत नाही. तुम्ही म्हणाल, काळ सगळे मिटवितो. खरोखर मिटवितो का? पुढचे ऐका.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्सला हात हवे होते. रस्ते, घरे, खाणी, मोटारींचे कारखाने, सगळीकडे माणूस हवा होता. तेव्हा कोण आले? एक आले पोर्तुगीज. होय, ज्यांनी साडेचारशे वर्षे आपल्यावर राज्य केले, त्याच देशाचा गरीब शेतकरी! सालाझारच्या राज्यात पोट भरेना, आणि तरण्या मुलांना आफ्रिकेतल्या लढाईवर धाडीत. म्हणून हे लोक कागदपत्रांवाचून, रात्रीबेरात्री डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. या प्रवासाला ते ‘साल्तो’ म्हणत, म्हणजे उडी. पॅरिसजवळ शांपिन्यी इथे त्यांची झोपडपट्टी उभी राहिली. पत्रे, फळ्या आणि गुडघाभर चिखल. दहा हजारांवर माणसे तिथे राहिली.

दुसरे आले अल्जेरियाचे अरब. त्यांची झोपडपट्टी पॅरिसच्या दुसऱ्या अंगाला, नांतेर इथे. तोच पत्रा, तोच चिखल, तेच काम. १९७५ च्या शिरगणतीत फ्रान्समध्ये पोर्तुगीज सुमारे साडेसात लाख होते आणि अल्जेरियन सुमारे सात लाख. जवळजवळ बरोबरीचे.

पण फरक होता. पोर्तुगीजाला फ्रान्सने कधी गुलाम केले नव्हते. अल्जेरियावर फ्रान्सचे राज्य १८३० पासून होते. अल्जेरिया म्हणजे फ्रान्सच, असे ते सांगत. पोर्तुगालने १९५१ साली आपल्याला कागदावर ‘सागरापलीकडचा प्रांत’ केले, तशातलाच तो प्रकार. पण १८६५ च्या कायद्याने अल्जेरियातला मुसलमान फ्रेंच प्रजा ठरला, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचे तर लग्न-वारसाचे आपले धर्मनियम सोडायचे. कर आणि पलटणीसाठी तो फ्रेंच, मान मागितला की परका.

१९६१ सालचा ऑक्टोबर. पॅरिसच्या पोलिसांनी फर्मान काढले की अल्जेरियन मुसलमानांनी रात्री साडेआठनंतर रस्त्यावर येऊ नये. फक्त त्यांनीच! १७ तारखेला हे लोक निषेधासाठी बायकामुलांसह रस्त्यावर आले. नांतेरच्या चिखलातून कितीतरी जण चालत आले. पोलिसांनी गोळ्या घातल्या, लाठ्यांनी झोडपले, माणसे सेन नदीत फेकली. किती मेले? कित्येक डझन तरी, आणि शंभरावर गेले असे सांगणारे इतिहासकारही आहेत. सरकार मात्र दोनतीन नावे सांगून गप्प बसले. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून कबुली यायला २०१२ साल उजाडले. आपण १९ डिसेंबरला मुक्त झालो, त्याच्या दोनच महिने आधीची ही गोष्ट.

मग या झोपड्यांतल्या लोकांची मुले मोठी झाली. ती तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली. पोर्तुगीजांच्या मुलांचीही सुरुवातीला टर उडविली जाई, ते खरे. पण पुढच्या पिढीत ती गर्दीत मिसळून गेली. अल्जेरियनांचे नातू मिसळू बघतात, तर नाव आणि चेहरा आडवा येतो. १९५८ च्या फ्रेंच राज्यघटनेचे पहिलेच कलम म्हणते, वंश, धर्म वा मूळ न पाहता सर्व नागरिक समान. वाक्य सुंदर आहे. पण तिथल्याच सरकारी हक्करक्षक अधिकाऱ्याने २०१७ साली पाहणी प्रसिद्ध केली. अरब किंवा काळ्या दिसणाऱ्या तरुणाला पोलिसांनी अडवून ओळखपत्र मागण्याची शक्यता इतरांच्या वीसपट! घटना रंग पाहत नाही, पण नाक्यावरचा शिपाई पाहतो.

हे मुकाट्याने सोसले का? नाही. आणि इथे आपला संबंध येतो. १९८३ च्या जूनमध्ये लियाँजवळच्या वेनिस्यू इथे तुमी जैजा हा विशीतला तरुण पोलिसाच्या गोळीने जबर जखमी झाला. बदला घ्या, दगड उचला, असे म्हणणारे कमी नव्हते. पण तुमी आणि त्याचे सोबती, आणि त्यांच्या पाठीशी असलेले पाद्री क्रिस्तियां देलोर्म, यांच्या डोळ्यांपुढे गांधीजी होते. १९३० साली मिठासाठी दांडीपर्यंत चाललेले गांधीजी! तेव्हा गांधीजींवरचा इंग्रजी चित्रपट नुकताच येऊन गेला होता. आपणही चालायचे, असे त्यांनी ठरविले.

१५ ऑक्टोबर १९८३ ला ते मार्सेलिसहून निघाले. १९१० साली सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, तेच हे बंदर. निघाले तेव्हा तीसेक जण. गावोगाव लोक जोडले गेले. वाटेत असतानाच बातमी आली की धावत्या गाडीतून एका अल्जेरियन तरुणाला मारून बाहेर फेकले. तरी कोणी हात उगारला नाही. ३ डिसेंबरला पॅरिसला पोचले तेव्हा सोबत लाखभर माणूस होता. राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांनी त्यांना भेटीला बोलावले आणि परक्यांना दहा वर्षांचा राहण्याचा परवाना देण्याचे वचन दिले. १९८४ साली तसा कायदा झाला. दर वर्षी साहेबापुढे उभे राहून परवान्यासाठी हात जोडणे काय असते, हे आपल्या मुंडकारांना विचारा. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या घर, आणि मनात सदा भीती.

पण एक गंमत पाहा. त्यांनी मोर्च्याला नाव दिले होते ‘समतेसाठी आणि वंशद्वेषाविरुद्ध’. वर्तमानपत्रांनी त्याला ‘अरब पोरांचा मोर्चा’ करून टाकले. मागणी होती साऱ्या देशासाठी; ती एका जमातीची तक्रार ठरविली गेली. परवाना मिळाला, पण ‘हा आमचाच’ हे शब्द मिळाले नाहीत. आणि २७ जून २०२३ ला पोलिसाच्या गोळीने सतरा वर्षांचा एक मुलगा मेला. कुठे? नांतेरमध्येच. झोपड्या केव्हाच गेल्या आहेत. नजर गेलेली नाही.

लोक म्हणतात, या परक्यांनी खाल्ल्या मिठाला जागावे. अहो, मीठ पिकविले कोणी? १९४४ साली फ्रान्स सोडवायला जे सैन्य दक्षिण किनाऱ्यावर उतरले, त्यात आफ्रिकेतल्या वसाहतींचे जवान हजारोंनी होते. वसाहती स्वतंत्र होऊ लागताच त्यांची पेन्शने १९५९ च्या कायद्याने गोठविली, आणि ती फ्रेंच शिपायाच्या बरोबरीला आणण्याचा निर्णय व्हायला २००६ साल लागले. खाल्ल्या मिठाला कोण जागले आणि कोण जागले नाही, ते तुम्हीच ठरवा.

शेवटी घरची गोष्ट. १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदीच्या आधारे आपली मुले पोर्तुगीज कागद करतात आणि परदेशी कामाला जातात. तिथे कागद पोर्तुगीज असला तरी चेहरा आपलाच असतो. त्यांना कोणी ‘तू इथला नव्हेस’ म्हटले की आपल्या काळजाला घर पडते. मग आपल्या ट्रॉलरवर ओडिशाचा आणि झारखंडचा माणूस जाळे ओढतो, आपल्या शेतात परगावचा मजूर लावणी करतो, तेव्हा आपल्या तोंडी कोणता शब्द येतो? मजुरीचा तंटा असेल तर तो मालकाशी भांडा, सरकारशी भांडा. त्याच्या मुलाशी भांडू नका. ते मूल उद्या आपल्याच शाळेच्या बाकावर बसणार आहे. त्याला ‘मूळचा कुठला?’ हे किती पिढ्या विचारायचे, ते आपल्या हातात आहे.