घरच्या कर्त्याची दारू : मदत कुठे मागावी?



आज भातावरच्या करप्याविषयी नव्हे, घरात शिरलेल्या रोगाविषयी बोलायचे आहे. हे बोलणे वडिलांनी ऐकावेच. पण आईने, थोरल्या मुलाने आणि लेकीने जरा जास्त लक्ष देऊन ऐकावे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. कुणाला नोकरी लागली, कुणाच्या हाती पैसा आला, पण कैक हातांचे रोजचे काम गेले. दारू गावात आधीही होती. रिकाम्या दिवसाने काही घरांत तिला पक्की जागा करून दिली. ज्यांची शेती राहिली, त्यांची घरेही तिच्यातून सुटली असे नाही.

आता पाहा, खारबांधाला खांड पडली तर आपण काय करतो? मालकाला शिव्या देत बसत नाही. भरती यायच्या आत सगळा गाव माती घेऊन धावतो. घरच्या कर्त्याला दारू लागली की मात्र आपण दार लावून घेतो, चार लोकांत बोलत नाही. तिथेच चुकते.

सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात, असे होत असेल तर ओळखा की शरीरालाच दारूची सवय जडली आहे. हा नुसता स्वभावाचा दोष नव्हे, आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व इतर अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशा माणसाला कोंडून त्याची दारू एकदम तोडू नका. बरीच वर्षे रोज पिणारा अचानक थांबला तर पहिल्याच दिवशी अंग कापते, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दोन-चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. यात जीवही जातो. माळ घालणे, शपथ घेणे चांगलेच. पण आधी डॉक्टर. फिट आली किंवा माणूस भलतेच बरळू लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दुसरे, चहात गुपचूप टाकायच्या पुड्या घेऊ नका. काही औषधे अशी असतात की त्यांवर दारू पोटात गेली तर ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो. अशी औषधे डॉक्टर माणसाला समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. आणि दारू सोडवायला कुणी साखळीने बांधून ठेवत असेल, तर तिथून माणूस परत आणा. कायद्याने त्याला मनाई आहे.

मग जायचे कुठे? घरातून पहिला फोन १४४४६ या क्रमांकावर करा. व्यसनमुक्तीसाठी ही सरकारची मोफत सेवा आहे. वडील तयार नसले तरी मुलाने किंवा पत्नीने फोन करून सल्ला घ्यावा. नवी मुंबईतल्यांनी महापालिकेच्या वाशीच्या रुग्णालयात, उरण-पनवेलकरांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते विचारून घ्यावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तिथे घरच्या माणसांशीही बोलतात. कुठेही जाण्याआधी मुक्काम किती दिवसांचा, खर्च किती, डॉक्टर रोज येतात का, भेटायला देतात का, हे चार प्रश्न विचारा.

वडिलांशी बोलायचे ते रात्री नव्हे, सकाळी, ते शुद्धीवर असताना. ज्यांचा शब्द ते मानतात असे मामा किंवा थोरले काका सोबत असावेत. मागची उणीदुणी काढू नका. "बाबा, परवा तुम्ही बांधावर पडलात, आम्ही घाबरलो. डॉक्टरांना विचारलंय, रिक्षा सांगितली आहे, चला," एवढे पुरे. नाही म्हणाले तर भांडू नका, आठवड्याने पुन्हा बोला. तोवर पोरांच्या हाती पैसे देऊन बाटली आणायला पाठवणे बंद करा.

बापाची खरी अडचण वेगळीच असते : "मी महिनाभर दवाखान्यात राहिलो तर लावणी कोण करील?" भाऊबंदांनो, इथे तुमचे काम आहे. इरजीक घाला. त्याचे शेत पडीक राहणार नाही एवढा शब्द मिळाला, तर त्याचे मन वळणे सोपे होते.

परत आल्यावरही काम संपत नाही. खारे पाणी शिरलेले शेत बांध घातल्या दिवशी गोडे होत नाही, मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तसेच हे आहे. पुन्हा पाय घसरला तर "गेला कामातून" म्हणू नका, परत डॉक्टरांकडे न्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडलेल्यांची मंडळी १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या बैठका असतात. वडील गेले नाहीत तरी आईने जावे.

आणि लेकरांनो, बाप पितो यात तुमचा दोष नाही. तुम्हाला फार जड झाले तर १४४१६ वर मनमोकळे बोला, तीही सेवा मोफत आहे.

हे पत्रक कपाटात ठेवू नका. ज्या घराला गरज आहे, त्या घरी गाजावाजा न करता पोचवा.