शाळा सुटल्यानंतर मुले कोठे जातात?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत समाजमंदिराच्या वापराविषयी झालेल्या चर्चेच्या वेळी केलेले भाषण.)



सकाळपासून येथे जी चर्चा चालली आहे ती आम्ही शांतपणे ऐकत आहोत. मध्ये दोनदा बोलण्यासाठी उठलो होतो, परंतु अध्यक्षांनी खाली बसविले. ते योग्यच झाले, कारण त्यामुळे तिन्ही बाजू आम्हांस पुरत्या ऐकता आल्या. एक बाजू म्हणते की समाजमंदिरावर मजला चढवून सभागृह लग्नकार्यास भाड्याने द्यावे, म्हणजे वीजबिल आणि रंगरंगोटीसाठी दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावे लागणार नाही. दुसरी बाजू म्हणते की येथे वंदना, ध्यान आणि धम्मप्रवचन याखेरीज काही होऊ नये. तिसरी बाजू स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांची. त्यांना अभ्यासिका दिवसभर हवी आणि तीत शांतता हवी. या तीन मतांपैकी एकही मत वाईट हेतूने मांडलेले नाही, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो.

आम्ही येथे महिला मंडळाच्या आणि काही पालकांच्या वतीने उभे आहोत. आमची मागणी अगदी लहान आहे. समाजमंदिराची पाठीमागची खोली आणि तिच्यापुढचे अंगण, शाळेच्या दिवसांत सायंकाळी पाच ते साडेसात, आम्हांस द्यावे. कशासाठी, ते सांगण्याकरिता थोडा वेळ घेतो.

केडगाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. (बाहेरगावचे पाहुणे अजून विचारतात, पंडिता रमाबाईंचे केडगाव ते हेच का? ते हे नव्हे. रमाबाईंनी निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी मुक्तिसदन उभारले ते केडगाव दौंड तालुक्यातले.) आपले केडगाव ग्रामपंचायतीचे गाव होते. शहर वाढत वाढत पुणे रस्त्याने आपल्यापर्यंत आले, २००३ साली नगरची महानगरपालिका झाली, आणि २०२४ मध्ये नगरचे नावही अहिल्यानगर झाले. गाव शहरात गेले तशी गावातील कामेही गेली. पूर्वी आई शेतावर खुरपायला गेली तरी मूल बांधावर असे, किंवा घरी आजी असे. आज आपल्या वस्तीतील स्त्री कोठे जाते ते पाहा. कोणी नेप्तीच्या उपबाजारात कांदा निवडावयास जाते. कोणी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जाते. कोणी नागापूरच्या एम.आय.डी.सी.त, म्हणजे सगळे शहर ओलांडून पलीकडे. कोणी दवाखान्यात आया आहे, कोणी चार घरची धुणीभांडी करते. आणि आजी? आजी गावाकडे राहिली, नाहीतर तीही कामावर जाते.

२०२२ मध्ये नगरचा उड्डाणपूल खुला झाला आणि आम्हांस वाटले, आता बाया लवकर घरी येतील. पण सहाला सुटलेली बाई पुलाने थोडीच येते. ती कंपनीच्या दाराशी रिक्षा भरण्याची वाट पाहते, मग चौकात उतरते, मग दुसरी रिक्षा. घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. शाळा मात्र पाच वाजता सुटते.

या अडीच तासांत काय होते ते आपण सर्वजण रोज पाहतो, म्हणून त्याकडे आपले लक्ष जात नाही. लहान मुले महामार्गाच्या कडेला खेळतात. जी घरात असतात त्यांच्या हातात मोबाईल असतो. काहींच्या गळ्यात दोरीने घराची किल्ली अडकविलेली असते. आणि ज्या घरात दहा-बारा वर्षांची मुलगी आहे, त्या घरात अडचण दिसतच नाही, कारण ती मुलगीच पाळणाघर झालेली असते. ती धाकट्याला अंगणवाडीतून आणते, खाऊ घालते, पाणी भरते, भात लावते. सातवीपर्यंत हे निभते. आठवीत गणित कठीण होते, गैरहजेरी वाढते, आणि मग घरातच ठरते की हिला आता शाळेत काही गोडी राहिली नाही. आमच्या गल्लीत अशी एक मुलगी आहे. तिचे नाव येथे घेणार नाही. तिने आम्हांस एवढेच विचारले होते की, काकू, तुमच्या ओट्यावर बसून अभ्यास केला तर चालेल का? धाकट्या दोघांना घेऊन येईन.

कायद्याने या वेळेचा विचार केला आहे काय, हे आम्ही पाहिले. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि अंगणवाडी आली. तिचे मूल सहा वर्षांपर्यंतचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर ठेवण्याची तरतूद होती. तीही सहा वर्षांखालील मुलांसाठी. सहाव्या वर्षानंतर शिक्षणहक्क कायदा. तो २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास शिकविणे बंधनकारक केले. आता हिशेब करा. ८०० तासांना २०० दिवसांनी भागा, रोजचे चार तास येतात. प्रत्यक्षात शाळा याहून अधिक वेळ भरते, हे खरे. तरी आईची पाळी आठ तासांची आणि जाणे-येणे वेगळे. मूल सहा वर्षांचे झाले की त्याला सांभाळण्याची गरज संपली असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. घरात सहा-सात वर्षांचे मूल असलेल्या कोणत्याही बाईला विचारा, तिला हसू येईल.

येथे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती आपण सर्वांनी वाचलेली आहे, परंतु या अंगाने पाहिलेली नसावी. परळच्या चाळीत आंबेडकर कुटुंबाची खोली एकच. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच झोपणे, उशाशी जाते आणि पायाशी बकरी. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून सुभेदार रामजी स्वतः रात्री जागत आणि दोन वाजता मुलाला उठवीत. आणि शाळा सुटल्यानंतर तो मुलगा जाई कोठे? चर्नी रोडच्या बागेत. तेथे तो वाचीत बसे. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. त्यांनी या मुलाला पाहिले, विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतमबुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले.

आपण या गोष्टीत केळुसकर गुरुजींना वंदन करतो, पुस्तकाला वंदन करतो. आम्हांस त्या बागेतील बाकाविषयी बोलावयाचे आहे. त्या मुलाला शाळेनंतर बसावयास एक जागा होती, आणि त्या जागी त्याच्याकडे लक्ष देणारे एक मोठे माणूस येत होते. आपल्या वस्तीत बाग नाही. आहे ते हे समाजमंदिर, आणि आठवड्याचे सहा दिवस त्याला कुलूप असते.

ज्येष्ठांनी विचारले की मुलांचा दंगा हे समाजाचे कार्य आहे काय? बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली. तिने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि आपल्या मुलांसाठी हॉकी क्लबही काढला, हे फारसे कोणी सांगत नाही. मोकळ्या वेळेत पोरे जुगाराच्या अड्ड्यावर जाऊ नयेत म्हणून हॉकी! तेव्हा अंगणात लंगडी आणि खो-खो खेळला तर परंपरा मोडेल अशी भीती आम्हांस वाटत नाही.

शिकणाऱ्या मुलीच्या कडेवरच्या भावंडाचे काय करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वी एका ठिकाणी सोडविला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले. तेथे त्यांनी पाहिले की मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या काखेत धाकटे मूल असते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळणाघरात सोडून मोठी त्याच अंगणातील वर्गात बसू लागली. एवढ्या लांब जावयाचे नसेल तर आपल्या नगरातही उदाहरण आहे. १९८९ साली सुरू झालेल्या स्नेहालय संस्थेने शहरातील झोपडपट्ट्यांतून बालभवने चालविली आहेत. ज्यांना ही कल्पना नवी वाटते त्यांनी तेथे एक संध्याकाळ जाऊन बसावे.

आता आक्षेपांकडे वळतो. लग्नाच्या भाड्याचे उत्पन्न बुडेल, हा पहिला. आपण मुहूर्त पाहत नाही. त्यामुळे आपल्याकडची लग्ने सोयीने रविवारी, नाहीतर मे महिन्याच्या सुटीत होतात. आम्ही सोमवार ते शनिवार मागत आहोत. एखादे लग्न मध्येच आले तर त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन ओट्यावर बसू, हा शब्द देतो.

पावित्र्याचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. बुद्धमूर्तीच्या दालनात मुले जाणार नाहीत. तो दरवाजा बंदच राहील. मात्र सात वाजता मुले पाच मिनिटे शांत बसतील आणि त्रिसरण-पंचशील म्हणतील. रविवारच्या धम्मवर्गाला किती मुले येतात ते भंतेजींना विचारा. येथे रोज पंचवीस-तीस येतील असा आमचा अंदाज आहे.

शौचालयाचा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. पाठीमागचे शौचालय वापरण्यासारखे नाही, दाराला कडी नाही, आणि मुलींना तेथे पाठविणे आम्हांसच मान्य नाही. बांधकाम निधीतून मजल्याचा पहिला खांब उभा राहण्यापूर्वी ते दुरुस्त करावे, ही आमची या सभेकडे एकमेव पैशाची मागणी. सतरंज्या, पाण्याचे पिंप, प्रथमोपचाराची पेटी आणि शेंगदाणे-गूळ हे महिला मंडळ पाहील.

जबाबदारी कोणाची, असेही विचारले गेले. हल्लीच्या काळात तो विचारलाच पाहिजे. मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा २०१२ पासून आहे आणि तो उगीच आलेला नाही. म्हणून नियम असा की दोन मोठ्या स्त्रिया हजर असल्याशिवाय खोली उघडावयाची नाही, मग कोणी कितीही ओळखीचा असो. हजेरीच्या वहीत मूल आले केव्हा, गेले केव्हा आणि नेले कोणी, हे लिहावयाचे. मूल एकटे सोडावयाचे नाही. आई उशिरा आली तर थांबावयाचे. चार बाया पाळीपाळीने हे करण्यास तयार आहेत. त्यांपैकी दोघी निवृत्त शिक्षिका आहेत.

सकाळच्या सत्राच्या मुलांचा प्रश्न याने सुटत नाही, हे आम्ही कबूल करतो. ती दुपारी साडेबारालाच घरी येतात आणि आमच्याकडे तेवढी माणसे नाहीत. वर्षातील सुट्यांचे दिवसही राहतातच. जेवढे जमते तेवढ्यापासून सुरू करतो आहोत.

शेवटी अभ्यासिकेतील विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द. तुमची तक्रार रास्त आहे. पलीकडे पाढे चालले असता राज्यघटनेची कलमे डोक्यात जात नाहीत. म्हणून अभ्यासिका सकाळी सहा ते सायंकाळी पाच, आणि पुन्हा साडेसातपासून रात्री तुम्हांला हवी तोपर्यंत, पूर्णपणे तुमची. मधले अडीच तास आम्ही मागतो. मागताना भाडेही मागतो, तेही तुमच्याकडूनच: प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या सोबत बसावे. शिकवावयाचे नसले तरी चालेल. गणित अडले तर सांगावे, पुस्तक मोठ्याने वाचावे, खेळात पंच व्हावे. तुमच्यापैकी काहीजण याच वस्तीत गळ्यात किल्ली अडकवून वाढले आहेत. कोणाच्या घरी खाऊ मिळे ते आम्हांस आठवते आणि तुम्हांलाही आठवत असेल.

ठराव लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे दिला आहे. किल्ली कोणाकडे राहावी याविषयी मतभेद आहेत, म्हणून दोन किल्ल्या कराव्यात असे त्यात लिहिले आहे: एक कार्यकारिणीकडे, एक महिला मंडळाकडे. मजला, संगमरवर आणि भाडे यांविषयी आपण खुशाल पुढील सभेपर्यंत वाद घालावा. आम्हीही त्यात भाग घेऊ. ज्यांना संध्याकाळ द्यावयाची आहे त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून मोकळे आहेत.

जयभीम.