मुक्या यंत्राची चौकशी



कामगार चळवळीत आम्ही एक सूत्र धरून चालतो : चौकशीवाचून शिक्षा नाही. आज तोच न्याय एका बोटभर चिपला लावून पाहू.

१९७९ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ॲस्टरॉइड्स’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ काढला. त्यात दोन सुरांचा एक ठोका हळूहळू जलद होत जातो आणि खेळणाराची छाती धडधडू लागते. हा ठोका मुळात क्षीण असतो. त्याला स्पीकर हलविण्याचे बळ देते ती टीडीए २००२ ही पाच पायांची चिप. खेळ मुका झाला की पहिला आळ हिच्यावरच येतो आणि हिलाच उपटले जाते.

आम्ही म्हणतो, आधी साक्षी काढा. वीज बंद करून स्पीकर सोडवा व दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. ‘टक्’ वाजले तर स्पीकर जिवंत आहे. मग वीज चालू करा, पण चित्रनळीकडे हात नको. तेथे हजारो व्होल्ट असतात. मीटरची काळी तार तिसऱ्या, म्हणजे जमिनीच्या पायाला लावा. पाचव्या पायावर पुरवठा हवा. तोच नसेल तर उपाशी माणसाला आळशी म्हणण्यासारखे होईल. चौथ्या पायावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे व्होल्ट हवेत, बाराला सहा. ते शून्यावर किंवा पुरवठ्याइतके अडकले असतील, तर संशय चिपवर आणि तिच्या शेजारच्या कपॅसिटरांवर. निम्मे भरले, तर पहिल्या पायाकडे येणाऱ्या तारेला स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या धातूला बोट टेकवा. घुरघुर आली तर चिप निर्दोष; दोष अलीकडच्या मंडळात. आली नाही, तर स्पीकरच्या वाटेवरचा मोठा कपॅसिटर प्रथम तपासा; तो तुटला की चिप बोलते, पण ऐकू येत नाही.

एवढी यातायात कशाला, असे कोणी विचारील. पाय उकलताना जुन्या पाटीवरील तांब्याच्या रेषा उखडतात. निरपराध जातो, गुन्हेगार जागेवर राहतो आणि दुरुस्त होणारे यंत्र भंगारात निघते.

आणखी एक. त्या काळी कंपनी यंत्राबरोबर त्याच्या मंडळाचे नकाशेही देत असे. म्हणूनच आजही ही यंत्रे कारागिरांच्या हातून पुन्हा बोलती होतात. जो यंत्र विकतो त्याने नकाशा द्यावा. जो दुरुस्त करतो त्याने आधी मोजावे आणि मग बोलावे. आमची मागणी एवढीच आहे.