ऑक्सिमीटरवर ९९, तरी धाप

आजची ओपीडी बंद ठेवून आलेल्या माझ्या फॅमिली डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले. पुढच्या महिन्यांत आपल्या दवाखान्यांत आणखी एक त्रास येऊ लागला. रोजच्या सरकारी आकड्यांत त्याला जागा नव्हती. ताप नाही, चाचणी निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, आणि समोरचा म्हणतोय, "डॉक्टर, श्वासच पुरत नाही हो."

माझ्याकडे एक भाजीवाल्या मावशी यायच्या. हातगाडी बंद, मुलगा दूर अडकलेला. ऑक्सिमीटरवर ९९. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, दर दोन वाक्यांमागे एक लांब उसासा. घरच्यांनी निकाल आधीच दिला होता : नाटकं आहेत.

आता शरीर काय करत होतं ते पाहा. भीतीने श्वास भराभर होतो. रक्तात ऑक्सिजन आधीच भरपूर, तो वाढून वाढणार किती? घटतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे रक्त जास्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं; म्हणून मुंग्या, म्हणून आखडलेली बोटं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. गरगरलं की माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. मावशी खोटं बोलत नव्हत्या आणि यंत्रही बिघडलेलं नव्हतं. यंत्र ऑक्सिजन मोजत होतं, घोटाळा दुसऱ्याच वायूचा होता.

अपेक्षेनेही शरीर दुखतं. करोना लसींच्या १२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लसच नसलेली सुई टोचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या. त्यांचं डोकं दुखलंच नाही, असं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची. ऑक्सिजन ८०च्या घरात आणि माणूस मजेत फोनवर बोलतोय, हेही आपण पाहिलं. करोना होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने थकलेल्यांना 'टेन्शन घेता तुम्ही' म्हणत वाटेला लावल्याचंही ऐकलं. घाबरलेल्या माणसाला न्यूमोनिया होत नाही, असा काही नियम नाही. छाती तपासायची, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, जरा चालवून पुन्हा ऑक्सिजन बघायचा. इतकं झाल्यावरच भीतीचं नाव घ्यावं.

आणि ते घेताना 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर आपली सुटका होते, रुग्णाची होत नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मग सीटी स्कॅनला. मावशींना मी कागदावर फुप्फुस काढून दाखवलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. मुलाला रोज ठरल्या वेळी फोन करायला सांगितलं. धाप एका बैठकीत गेली नाही, पण काय होतंय हे कळल्यावर रात्रीचं धावत येणं थांबलं.

याला वेळ लागतो. बाहेर रांग असते आणि समजावून सांगण्याची फी आपल्याकडे कुणी देत नाही, इंजेक्शनची देतात. समजावण्याची वेगळी फी आपण घ्यावी, असं मी सुचवतो. सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे पटणार नाही, ते मला इथून दिसतंच आहे. दुपारच्या सत्रात यावर भांडू.