दाखलनोंदीची पारख



शंभर वर्षांच्या ग्रंथालयाची खरी कुंडली त्याच्या दाखल नोंदवह्यांत असते. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत असे रकाने आखलेल्या या वह्या ग्रंथपालांच्या कित्येक पिढ्यांनी भरलेल्या असतात. एकाने ‘शके’ लिहून वर्ष घातले, दुसऱ्याने नुसताच आकडा घातला, तिसऱ्याने रकाना मोकळा सोडला. वही वाचणारा माणूस हे सारे सांभाळून घेतो. संगणक घेत नाही. म्हणून या वह्या संगणकावर चढविताना नोंदीचा एक नमुना आधी ठरवून द्यावा लागतो. संगणकाच्या परिभाषेत त्यास ‘स्कीमा’ म्हणतात. प्रत्येक नोंद नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे प्रोग्रॅम ताडून पाहतो.

ग्रंथालयांना ही शिस्त परकी नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३४ सालीच तालिकेचे नियम बांधून दिले होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या विदुषीने १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही नोंदपद्धती सिद्ध केली. तीत २४५ हा क्रमांक शीर्षकाचा, १०० हा लेखकाचा. पुढे एक्सएमएल आली, २००१ साली तिची स्कीमा-भाषा आली, आणि नंतर जेसन स्कीमा रूढ झाली. पायथन भाषेत तिची पडताळणी करणारे साहित्य आयते मिळते.

परंतु नमुना कडक केला म्हणजे नोंद खरी होते, असे मात्र नाही. आयएसबीएन क्रमांकाचेच पाहावे. जुन्या दहा अंकी क्रमांकातील अंकांना अनुक्रमे १०, ९, ८ असे १ पर्यंत गुणून केलेल्या बेरजेस ११ ने निःशेष भाग जावा लागतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटे पडले, तरी ही कसोटी चूक पकडतेच. आता हा रकाना अनिवार्य ठरविला, तर १९२० सालच्या पुस्तकाचे काय करावे? त्या काळी हा क्रमांकच नव्हता. कंटाळलेला नोंदकार दहा शून्ये टंकून मोकळा होतो. शून्याची बेरीज शून्य, तिला ११ ने निःशेष भाग जातो, आणि असत्य नोंद सन्मानाने आत जाते!

याहून नाजूक प्रश्न वर्षाचा. ‘चार अंकी पूर्णांक, १८०५ हून कमी नको’ असा नियम घालणे सयुक्तिक दिसते, कारण विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास त्याच साली छापले गेले. पण शके १८३० चे पुस्तक ही चाळणी सहज पार करते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांनी वडील होऊन बसते. एखाद्या लेखकाचे पुस्तक त्याच्या जन्माआधीचे ठरावे, ही चूक केवळ हास्यास्पद नव्हे. पहिल्या आवृत्तीचा शोध घेणारा अभ्यासक तिच्यामुळे नाडला जातो. येथे वर्षाशेजारी कालगणनेचा वेगळा रकाना हवा, आणि त्यात ‘इसवी’, ‘शके’, ‘संवत’ एवढेच शब्द ग्राह्य धरावेत. शकाचे इसवीत रूपांतर करणे जेसन स्कीमाच्या आवाक्यातले नाही. ते पायथनमध्ये लिहावे लागते. तेथेही शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पुस्तकावर महिना नसेल, तर १९०८ की १९०९ हा संदेह उरतोच.

देवनागरी अंकांची गंमत निराळीच. पायथन ‘१८३०’ हा देवनागरी आकडा विनातक्रार संख्या म्हणून स्वीकारते. जावास्क्रिप्टचा अंक ओळखण्याचा नेहमीचा संकेत मात्र तो नाकारतो. तेव्हा एकच नोंद एका संगणकावर शुद्ध आणि दुसऱ्यावर अशुद्ध ठरू शकते. शिवाय स्पष्ट मनाई केली नसेल, तर जेसन स्कीमा अनोळखी रकाना चालवून घेते. ऐच्छिक रकान्याच्या नावात एक अक्षर चुकले, की त्यातील मजकूर कोणत्याही तपासणीविना पडून राहतो.

पहिल्या चुकीपाशी न थांबता प्रोग्रॅमने साऱ्या चुका दाखल क्रमांकासह कागदावर छापून द्याव्यात. ती यादी हाती घेऊन कोणीतरी कपाटापाशी जावे, पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटावे आणि आतील पान वाचावे. तेथेही कालगणना छापलेली नसेल, तर त्या रकान्यासाठी ‘अनिश्चित’ हा चौथा शब्द ग्राह्य शब्दांच्या यादीत घालावा लागतो.