हिशेबाचे यंत्र आणि त्याचा पाया



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत एका मित्राने मला विचारले, "अहो, तुम्ही पगारवाढ मागणारे. डेटाबेसच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी याच्याशी तुम्हाला काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काय झाले ते कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयाच्या मेजाशी. या विषयाकडे मी आपण होऊन गेलो नाही. एका नोटिशीने मला तिकडे नेले.

आमच्या भागात कामगारांची एक पतसंस्था आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तिने नवा सर्व्हर बसवला. पुढे दोन आठवड्यांनी एक निवृत्त फिटर ठेव काढायला खिडकीशी आला. कारकुनाने खाते क्रमांक टाकला. संगणक म्हणाला, असे खातेच नाही. म्हाताऱ्याच्या हातात तर पासबुक! कारकून भला माणूस. माणसाला परत कसे पाठवायचे, म्हणून त्याने त्याच क्रमांकाने खाते पुन्हा उघडले, आणि संगणकाने ते मुकाट्याने उघडू दिले. महिनाअखेर सगळी यादी छापली तेव्हा एकाच क्रमांकाची दोन खाती निघाली. झाले! अफरातफरीचा संशय, कारणे दाखवा नोटीस, आणि बावीस वर्षे नोकरी केलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसलेला.

आता खाते गेले होते कुठे? ते कुठेच गेले नव्हते. छापील यादीत ते होतेच. फक्त खिडकीवर शोधले की सापडत नसे.

याचा उलगडा असा. डेटाबेस म्हणजे संस्थेची खतावणी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ती खतावणी जिथे ठेवली ती कचेरी: तिथली कपाटे, कुलपे, पहारेकरी आणि कागद लावण्याची रीत. हे शेवटचे ध्यानात ठेवा. जाड खतावणीत पान चटकन सापडावे म्हणून सूची लागते, आणि सूची क्रमाने लावलेली असते. कोणते अक्षर आधी नि कोणते मागून, हे या संस्थेचा पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस स्वतः ठरवीत नव्हता. तो खालच्या लिनक्सला विचारी. लिनक्समध्ये हे काम ग्लिबसी नावाचा भाग करतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ ही आवृत्ती निघाली आणि तिने क्रमाचे नियम बदलले. इंग्रजी मांडणीत पूर्वी '११' आधी येई आणि '१-१' नंतर. आता '१-१' आधी आणि '११' नंतर. एवढीशी गोष्ट! पण या संस्थेचे खाते क्रमांक शाखा, मग आडवी रेघ, मग आकडा असेच होते.

पुरवठादाराने जुन्या सर्व्हरवरच्या फायली जशाच्या तशा उचलून नव्यावर ठेवल्या. सूची जुन्या क्रमाची, शोधणारा नव्या क्रमाचा. म्हणजे पंचांग एका पद्धतीचे आणि भटजी दुसऱ्या. काही खाती सापडत, काही सापडत नसत. आणि सूचीत क्रमांक दिसत नाही म्हणून तोच क्रमांक दुसऱ्यांदा द्यायलाही यंत्राची हरकत नसे. कारकुनाने काय गुन्हा केला? यंत्राने सांगितले त्यावर विश्वास ठेवला.

ही सारी हकिकत पोस्टग्रेसवाल्यांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे, कोणालाही वाचता येते. मी ती शब्दकोश शेजारी घेऊन तीन रात्री वाचली. उपायही तिथेच आहे: दुबार नोंदी निस्तराव्यात आणि सूच्या नव्याने बांधाव्यात, किंवा मुळातच फायली न उचलता सगळा मजकूर उतरवून घ्यावा आणि नव्या जागी पुन्हा भरावा. पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, क्रमाचा एक नियम डेटाबेसच्या पोटातच ठेवण्याची सोय झाली आहे. ज्यांना नवी मांडणी करायची आहे त्यांनी ती अवश्य पाहावी.

पण मुळात घर बदलायची वेळ का आली? तिथे मला माझ्या धंद्यातली गोष्ट दिसली. जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ होते. रेड हॅट ही कंपनी आपले लिनक्स पैसे घेऊन, देखभालीच्या कराराने देते; सेंटओएस ही त्याचीच फुकट मिळणारी हुबेहूब प्रत होती. २०१९ मध्ये सेंटओएस ८ आले तेव्हा त्याची देखभाल २०२९ पर्यंत चालेल असे सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ती २०२१ अखेर बंद. सात वर्षांहून जास्त काळ एका पत्रकाने गेला! सेंटओएस ७ ची मुदत मात्र पाळली गेली. ती ३० जून २०२४ ला संपली. मी रेड हॅटला शिव्या द्यायला उभा नाही. ज्यांनी पैसे भरले त्यांचा करार तिने पाळला. फुकट वापरणाऱ्यांच्या हातात करारच नव्हता, नुसते आश्वासन होते. आमच्या गिरण्यांत या दोहोंतला फरक न ओळखल्यामुळे किती घरे बसली ते मी लहानपणी पाहिले आहे.

संस्थेच्या सभेत एक संचालक म्हणाले, "मग विंडोज सर्व्हर घ्या, कटकट नको." मी विंडोजला नावे ठेवत नाही. त्याच्या तारखा छापील असतात. २०२२ च्या आवृत्तीला ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. पण त्याचे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला निदान सोळा कोअरचे घ्यावेच लागते, यंत्रात आठ असले तरी. वर वापरणाऱ्या माणसांचे वेगळे. शिवाय डेटाबेस आणि सिस्टिम यांची लग्नगाठ आता पूर्वीसारखी राहिलेली नाही: पोस्टग्रेस विंडोजवर चालते आणि मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर.

मी सभेत एकच विचारले: रात्री दोनला हे बंद पडले तर उठून कोण येणार, आणि त्याला काय येते? संगणक सांभाळणारा मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती, मग मत कोण विचारणार? तो म्हणाला, मला याच कुळातले लिनक्स येते, विंडोजवर डेटाबेस मी कधी सांभाळलेला नाही. मग नव्या सर्व्हरवर जे अल्मालिनक्स ९ होते तेच ठेवायचे ठरले. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०३२ पर्यंत देऊ असे त्याचे चालक म्हणतात. हेही आश्वासनच आहे, आणि तसे इतिवृत्तात लिहायला मी लावले. दर महिन्याला बॅकअपवरून दुसऱ्या यंत्रावर खतावणी उभी करून पाहायची, हेही त्याच ठरावात आले.

कारकुनाची नोटीस मागे घेतली गेली. अध्यक्षांनी ते तोंडी सांगितले होते. मी ते लेखी मागून घेतले.