पक्क्या वहीतील खाडाखोड

जुन्या पेढीवर दोन वह्या असत, एक कच्ची आणि एक पक्की. दिवसभराची सारी घाईगर्दी कच्च्या वहीत उमटे. दिवे लागल्यावर दिवाणजी तीच रक्कम सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवून काढीत. पक्क्या वहीत खाडाखोड चालत नसे. पण हिशेब तपासायला येणारा जाणता माणूस आधी कच्ची वही मागे. पक्की वही दाखवण्यासाठीच लिहिलेली असते, हे त्याला ठाऊक असे.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. संगणकाशी माझा संबंध आला तो आकडेमोडीपुरता. आकडेमोड एका ठिकाणी करायची, उत्तर कागदावर टिपून घ्यायचे आणि अहवालात बसवायचे, ही आम्हा सर्वांचीच रीत. टिपताना ४७ चे ७४ होतात. मूळ यादी बदलते आणि अहवालातला आकडा मात्र जुनाच राहतो. यावर तोड म्हणून निघालेली युक्ती अशी की, अहवालाच्या मजकुरातच, दोन परिच्छेदांच्या मध्ये, आकडेमोडीची आज्ञा लिहून ठेवायची. अहवाल तयार करताना यंत्र ती आज्ञा स्वतः पाळते आणि येईल ते उत्तर तिच्याखाली आपणच छापते. म्हणजे कच्ची वही पक्क्या वहीच्या पोटात शिवलेली, असे म्हणाना!

या विचाराचे मूळ डोनल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाकडे जाते. कार्यक्रम हा यंत्रासाठी नव्हे, तर माणसाने वाचावा म्हणून लिहावा, असे त्यांनी १९८४ साली मांडले. मजकूर आणि आज्ञा एकत्र लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीत छापील लेख तयार करणाऱ्या साधनाचे नाव होते ‘वीव्ह’, म्हणजे विणणे. पुढे २००२ मध्ये फ्रीडरिश लाइश यांनी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेसाठी ‘स्वीव्ह’ आणले. त्यात आज्ञेबरोबर तिचे उत्तरही लेखात येऊ लागले. त्यानंतर दहाएक वर्षांनी यीह्वी शिए यांनी ‘निटर’ केले. इंग्रजीत मागावरचे विणणे वेगळे आणि सुयांवरचे वेगळे. आपल्याला दोन्हीला एकच शब्द पुरतो.

इथवर सारे ठीक. आता प्रश्न असा की, आज्ञा पाळताना यंत्र अडखळले तर ते अडखळणे अहवालात दिसावे की दिसू नये?

हा प्रश्न मी फुकट शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने पहिल्या वर्षाच्या गुणांचा अहवाल माझ्याकडे सोपवला. वर्गाच्या सरासरीखाली असलेल्या मुलांसाठी सकाळची जादा शिकवणी लावायची होती, आणि त्यांतल्या गरजूंना पुस्तकेही द्यायची होती. गुणांच्या याद्या दोन टेबलांवरून आल्या. एका टेबलावरच्या माणसाने आकडे इंग्रजी अंकांत टाइप केले होते, दुसऱ्याने शुद्ध देवनागरीत. त्याचे काय चुकले? काहीच नाही. पण ‘आर’ला देवनागरी ‘४५’ हा आकडा म्हणून वाचता येत नाही. ती त्या जागी ‘माहिती नाही’ अशी खूण करते, तशी सूचना देते आणि पुढे चालू लागते. (‘पायथन’ या दुसऱ्या भाषेला हाच ‘४५’ बिनतक्रार कळतो. पण मी ‘आर’वाला!)

सूचना दिली होती हे लक्षात घ्या. मीच अहवालाच्या माथ्यावर एक ओळ लिहून ठेवली होती, सूचना छापू नयेत म्हणून. का? तर कुठल्याशा निरुपद्रवी सूचनांनी पहिले पान विद्रूप दिसत होते. सरासरी काढतानाही ‘माहिती नसलेले सोडून द्या’ असे मीच सांगितले होते. त्यामुळे सव्वीस मुले सरासरीच्या वरही नव्हती आणि खालीही नव्हती. अहवाल देखणा झाला. त्याला कापडी पाठही बांधली.

शिकवणी सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर एक मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, मला बत्तीस गुण आहेत. पण माझं नाव कुठल्याच यादीत नाही. मी वर्गात आहे ना?”

त्या सव्वीसांपैकी अकरा जणांना शिकवणी हवी होती. तीन आठवडे गेले ते गेलेच.

त्यानंतर या विषयाच्या मुळाशी जायचे मी ठरवले. यंत्राच्या बोलण्याला दोन पाट काढलेले असतात. एकातून उत्तर वाहते, दुसऱ्यातून तक्रार. हे दोन पाट वेगळे कसे झाले त्याची हकिकत गमतीची आहे. १९७०–८० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ आकाराला येत होते. तिथे छपाईसाठी प्रकाशाने अक्षरे जुळवणारे यंत्र आणले होते. कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या रसायनातून काढली की काही मिनिटांनी अक्षरे दिसत. तिथले स्टीफन जॉन्सन सांगतात की, एके दुपारी कित्येकांच्या पट्टीवर एवढी खटपट करून एकच ओळ उमटली, तीही सुबक टायपात: अमुक फाइल उघडता येत नाही! आरडाओरड झाली आणि थोड्याच दिवसांत तक्रारींना स्वतंत्र पाट मिळाला. म्हणजे चूक कागदावर उमटू नये, यासाठीच ही व्यवस्था जन्माला आली.

आज नेमकी उलटी गरज पडते. ‘ऑर्ग’ नावाच्या पद्धतीत युनिक्सच्या आज्ञा लेखात लिहिल्या, तर लेखात येते ते पहिल्या पाटाचे पाणी. तक्रार बाजूच्या वेगळ्या खिडकीत दिसते, आणि खिडकी मिटली की गेली. म्हणून जाणकार दुसरा पाट पहिल्यात सोडणारी ओळ आज्ञेच्या आरंभी लिहितात. यातही एक खोच आहे. उत्तरे साठवून एकदम सोडली जातात, तक्रार मात्र तत्काळ निघते. त्यामुळे पाचव्या ओळीनंतरची तक्रार कागदावर पहिल्या ओळीच्याही आधी येऊन बसू शकते. पूर्वी सोमवारी टाकलेले पत्र मंगळवारी केलेल्या तारेनंतर पोचे, तसेच हे. क्रम पाहून कारण ठरवायला गेलात तर फसाल.

‘निटर’ची मांडणी मला अधिक शहाणपणाची वाटते. ते उत्तर, निरोप, सूचना आणि चूक यांना निरनिराळे धरते, आणि प्रत्येकाला आत घ्यायचे की नाही हे तुम्हांला विचारते. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. निटर नुसते चालवले तर चूक कागदावर छापून ते पुढे जाते. ‘आर मार्कडाउन’मधून चालवले तर पहिल्या चुकीलाच काम थांबते. लोकांना हे थांबणे जाचक वाटते. मला नाही वाटत. अहवालाने थांबावे. वर्गात वाटायच्या टिपणाची गोष्ट मात्र निराळी. ‘दहा’ या शब्दाचा लॉगरिदम काढायला सांगितला की यंत्र कसे ओरडते, हे मुलांनी पाहायलाच हवे. तेवढ्या एका तुकड्यापुरती मी चुकीला वाट मोकळी करतो. संपूर्ण लेखाच्या माथ्यावर ती सूट कधीही लिहू नका. माथ्यावर लिहिलेल्या ओळीने काय होते, ते वर सांगितलेच आहे.

सूचनांसाठी मी आता वेगळी तजवीज केली आहे. सूचना पकडण्याचे ‘आर’मध्ये दोन मार्ग आहेत. एकात सूचना येताच चाललेले काम टाकून दिले जाते. दुसऱ्यात तिची नोंद होते आणि काम जिथल्या तिथून पुढे चालते. मी दुसरा घेतो. सगळ्या नोंदी अहवालाच्या शेवटच्या पानावर एकत्र छापतो, आणि पहिल्या पानावर लिहितो की एकूण इतके विद्यार्थी, त्यांपैकी इतक्यांचे गुण वाचता आले.

पहिल्यांदा ते शेवटचे पान पाहून प्राचार्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे छापायलाच हवं का?” त्यांनी विचारले. मी त्यांना त्या मुलीचा अर्ज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि अहवालावर सही केली.

यंदा त्या पानावर तीन ओळी आल्या. दोन किरकोळ होत्या. तिसरीचा शोध घेतला तेव्हा कळले की, एका मुलाच्या गुणांत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला होता. त्याला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवणीला बसवले.